फीचं पत्र आलं की आधी हिशोब मागा: पोलिसांचे कागद कोणाला मिळतात, कसे आणि कितीत

आमच्या लेआऊटमधल्या लोकांनी एका जागेबद्दल पोलीस ठाण्यात पाच लेखी तक्रारी दिल्या होत्या, रात्री अकरानंतर तिथे दारू, शिवीगाळ, गाड्या रेस करणं, बायकांना तिकडून जाणं कठीण झालं होतं. चार महिने काहीच नाही. मग आम्ही आरटीआय, म्हणजे माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला, की या पाच अर्जांची आवक रजिस्टरमधली नोंद, त्यावर कोणत्या अंमलदाराला काय आदेश झाले त्याची प्रत आणि त्या तारखांच्या स्टेशन डायरीतल्या या जागेबद्दलच्या नोंदी द्या. बावीसाव्या दिवशी पत्र आलं. एकच ओळ, "माहितीसाठी १,९४० रुपये भरावे." किती पानं, कोणत्या दराने, काहीच नाही. शेजारचे काका म्हणाले, "जाऊ दे ना भाऊ, एवढे पैसे कोण भरून राह्यलं." आणि खरं सांगतो, बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपते, कोणी नाही म्हटलेलं नसते, फक्त आकडा मोठा असते.

आम्ही भरले नाही, अपील केलं, आणि शेवटी ३८ पानं मिळाली, ७६ रुपयांत, वर टपालखर्च. ते कसं झालं ते पुढे सांगतो, पण त्याच्या आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण लोकं सगळ्या कागदांना एकाच लाईनीत उभं करतात आणि तिथेच फसतात. ठाण्यातला प्रत्येक कागद आरटीआयने मागायचा नसतो. काही कागद तुमच्या हक्काचे असतात आणि फुकट असतात, काही नेटवर पडलेले असतात, काही कोर्टातूनच मिळतात, आणि जे उरले त्यांच्यासाठी आरटीआय. मी वकील नाही, पण सहा-सात वर्षांपासून मोहल्ल्यातल्या लोकांचे अर्ज लिहून देतो, त्यातून जे शिकलो तेवढं सांगतो.

पहिले एफआयआर. तुम्ही फिर्याद दिली असेल, किंवा गुन्हा तुमच्यावर झाला असेल म्हणजे तुम्ही पीडित असाल, तर एफआयआरची प्रत तुम्हाला फुकट द्यायची असा कायदाच आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम १७३(२) मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. जुन्या कायद्यात फक्त फिर्याद देणाऱ्याचा उल्लेख होता, आता पीडिताचाही आहे. म्हणून "झेरॉक्सवाल्याचे पन्नास द्या" असं कोणी म्हटलं तर शांतपणे कलम सांगायचं. भांडायचं नाही, कलम सांगायचं, बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होते. याच्यासाठी आरटीआय टाकून तीस दिवस वाट पाहणाऱ्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या, त्यांच्या मिस्टरांचा वर्धा रोडवर ॲक्सिडेंट झालेला, क्लेमसाठी कागद पाहिजे होते, आणि कोणीतरी त्यांना सांगितलं की आरटीआयशिवाय मिळणारच नाही. तीस दिवस गेले बिचारीचे. ॲक्सिडेंटच्या केसमध्ये तर १ एप्रिल २०२२ पासून नियमच असा आहे की तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठवायचा, आणि पुढे सविस्तर अहवाल ९० दिवसांत. म्हणजे जखमीच्या घरच्यांनी कागदामागे धावायचं नाही, कागदाने न्यायाधिकरणात पोचायचं, अशी ती रचना आहे.

दुसरं, फिर्यादीशी तुमचा संबंध नाही पण एफआयआर पाहायचा आहे. ७ सप्टेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाने यूथ बार असोसिएशनच्या केसमध्ये सांगितलं की एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या वेबसाईटवर टाका, नेटची अडचण असेल अशा जागी जास्तीत जास्त ७२ तास. लैंगिक गुन्हे, लहान मुलांवरचे पोक्सोचे गुन्हे, दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे यातून वगळले आहेत, आणि ते बरोबरच आहे, पीडितेचं नाव गावभर होऊ नये. पण संवेदनशील आहे हे ठाण्यातल्या कोणीही ठरवायचं नाही, डीवायएसपीच्या, म्हणजे पोलीस उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी तो निर्णय घेऊ शकत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र पोलिसांच्या सिटीझन पोर्टलवर "प्रकाशित एफआयआर" नावाचा भाग आहे, तिथे जिल्हा निवडताना लक्ष ठेवा, नागपूर शहर आणि नागपूर ग्रामीण वेगळे आहेत. काटोल, उमरेड, सावनेर, रामटेकचा गुन्हा शहरात शोधत बसाल तर सापडणार नाही.

ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला त्याचं काय, हा प्रश्न नेहमी येते, कारण घरचे घाबरलेले असतात आणि पोरगा आत असते. त्याच निकालात आहे की आरोपीच्या वतीने कोणीही अर्ज करू शकते आणि २४ तासांत प्रत द्यावी लागते, मात्र इथे कोर्टात नकलेला जी फी लागते तेवढी द्यावी लागते. पुढे चार्जशीट (दोषारोपपत्र) झाली की तिच्या आणि सोबतच्या कागदांच्या प्रती आरोपीला फुकट, हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, हे नव्या संहितेचं कलम २३०. वकील लावलेला असेल तर पीडितालाही. एक पैसा नाही. आणि कोणाला अटक झाली याची माहिती तर मागायचीही गरज पडू नये, कलम ३७ सांगते की प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात अटक केलेल्यांची नावं, पत्ता आणि गुन्ह्याचा प्रकार ठळक दिसेल असा लावायचा.

मात्र चार्जशीट कोणालाही मिळते असं समजू नका. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सौरव दास यांच्या याचिकेत सांगितलं की चार्जशीट हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, ती एफआयआरसारखी वेबसाईटवर टाकता येणार नाही. मला स्वतःला हा निकाल पूर्ण पटत नाही, कारण ती कोर्टात दाखल झालेली असते आणि कोर्ट उघडं असते, पण साक्षीदारांची नावं, पत्ते, जबाब सगळे तिच्यात असतात हेही खरं आहे, आणि नागपूरसारख्या शहरात साक्षीदार कुठे राहते हे शोधायला अर्धा तास लागत नाही. तर ज्याला पाहिजे त्याने कोर्टात नकलेचा अर्ज करायचा. केस डायरीचंही तसंच, म्हणजे तपास अधिकारी रोज तपासाबद्दल जे लिहितो ते, ती आरोपीलाही मागून मिळत नाही. लोकं केस डायरी आणि स्टेशन डायरीत गोंधळ करतात. स्टेशन डायरी म्हणजे ठाण्यात दिवसभर काय झालं, कोण आलं, कोण गेलं, कोणती तक्रार आली त्याची नोंद. ती मागताना अर्जात नेमकं नाव लिहा, नाहीतर तेवढ्या एका शब्दावर नकार येते.

आता आरटीआय. कायदा २००५ चा, पूर्ण लागू झाला १२ ऑक्टोबर २००५ पासून. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये, आणि आपल्याकडे सोय ही की दहाचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला की झालं. जिल्हा कोर्टाच्या भागात स्टॅम्पवाले बसतात तिथे मिळते, अर्जाचा छापील नमुना, जोडपत्र अ, तोही मिळते. राज्याच्या पोर्टलवरून ऑनलाईनही जमते. कागदाचा दर दोन रुपये पान. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला अर्जाचे आणि कागदाचे दोन्ही पैसे माफ, फक्त दाखला जोडायचा. जाऊन रेकॉर्ड नुसतं पाहायचं असेल तर पहिला तास फुकट. का पाहिजे हे विचारायचा अधिकार कोणालाच नाही, कलम ६(२), आणि "तुमचा काय संबंध" असं विचारलं तर उत्तर द्यायची गरजही नाही. २०१२ पासून राज्याच्या नियमात आलं की एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. म्हणून गाऱ्हाणं लिहू नका, राग लिहू नका, कागदाचं नाव लिहा. "कारवाई का केली नाही" हा प्रश्न आहे, त्याला उत्तर द्यायची सक्ती नाही. "अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कारवाईच्या कागदांच्या प्रती द्या" ही मागणी आहे, तिला द्यावं लागते.

एक अडचण नेहमीची, रेल्वे स्टेशनची. नागपूर स्टेशनवर मोबाईल चोरीला गेला तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे, ते राज्याचे, तिथे कोर्ट फी स्टॅम्प चालते. पण आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, केंद्राची, तिथे दहा रुपये पोस्टल ऑर्डरने, रोख किंवा ऑनलाईन द्यावे लागतात, स्टॅम्प लावलेला अर्ज परत येते. चुकीच्या ऑफिसात अर्ज गेला तर त्यांनीच पाच दिवसांत बरोबर ऑफिसात पाठवायचा असते, कलम ६(३), पण फीच चुकली तर तिथेच अडकते.

मुदत तीस दिवस. माणसाच्या जीवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. कोणाला उचलून नेलं आणि कुठे ठेवलं ते सांगून नाही राह्यले अशा वेळी अर्जाच्या वर मोठ्या अक्षरात ४८ तासांचं कलम ७(१) लिहा.

आणि आता तो फीचा भाग, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. कलम ७(३) म्हणते की जास्तीचे पैसे मागायचे असतील तर जन माहिती अधिकाऱ्याने, म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याने, लेखी कळवायचं, आणि नुसता आकडा नाही, तो आकडा कसा आला त्याची आकडेमोड द्यायची, नियमातल्या दराप्रमाणे. आणि ही फी तुम्हाला पटली नाही तर फेरविचार कुठे मागायचा, अपीलीय अधिकारी कोण, मुदत किती, हेही त्याच पत्रात लिहायचं. आमच्या एका ओळीच्या पत्रात यातलं काहीच नव्हतं. म्हणजे ते पत्र कायद्याच्या हिशोबाने पत्रच नव्हतं. अपिलात सुनावणीला गेलो तेव्हा कळलं की १,९४० मध्ये त्यांनी एका कर्मचाऱ्याचा दोन दिवसांचा पगार धरला होता, रजिस्टरं काढून पानं शोधायला माणूस बसवावा लागते म्हणून. मला त्या माणसाचा राग नाही आला, ठाण्यात खरंच माणसं कमी असतात, बंदोबस्त असते, गणपती असते, अधिवेशन असते, आणि डिसेंबरात विधानभवनाच्या ड्युटीवर अर्धं ठाणं जाते. पण राज्याच्या नियमात पानाचा दर आहे, पाहणीचा आहे, टपालाचा आहे, पगाराचा दर नाहीच. जे नियमात नाही ते मागता येत नाही.

माणूस नाही, वेळ नाही याच्यासाठी कायद्यात वेगळं कलम आहे, ७(९). ते असं म्हणते की तुम्ही ज्या स्वरूपात मागता त्यात द्यायला ऑफिसची खूप ताकद वाया जात असेल तर दुसऱ्या स्वरूपात द्या. नकार द्या असं म्हणत नाही. म्हणून मी सुनावणीत म्हटलं, साहेब, रजिस्टर समोर ठेवा, आम्हीच येऊन पानं शोधतो, खूण करतो, तेवढ्याच पानांचे पैसे भरतो. साहेब मान्य झाले. दोघं जण एक तास बसलो, ३८ पानं निघाली. तुमच्याही बाबतीत आकडा मोठा आला तर भरण्याच्या आधी पाहणी मागा, खूप ठिकाणी हाच रस्ता निघते.

दिवस कसे मोजायचे तेही लिहून ठेवा. फीचं पत्र निघालं त्या दिवसापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस तीसमध्ये धरत नाहीत. म्हणजे पत्र बावीसाव्या दिवशी निघालं तर त्यांच्याकडे आठ दिवस उरले, तुम्ही पैसे भरले की ते आठ दिवस चालू होतात. तुम्ही दोन महिने भरलेच नाही तर उशीर त्यांचा नाही, तुमचा. पण तीस दिवस उलटून गेल्यावर पत्र आलं, की या आता पैसे भरा, तर कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते, एकही रुपया नाही. म्हणून लिफाफा फेकू नका, पोस्टाचा शिक्का आणि तारीख हाच पुरावा असते, मी तर लिफाफ्याचा फोटो काढून ठेवतो.

फीवरून भांडण आपल्याकडेच आहे असं नाही. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१८ मध्ये कॉमन कॉजच्या केसमध्ये सांगितलं की आरटीआयच्या अर्जाची फी ५० रुपयांपेक्षा आणि पानाचा दर ५ रुपयांपेक्षा जास्त ठेवू नये, तेव्हा काही हायकोर्टं आणि विधिमंडळं अर्जालाच शेकडो रुपये घेत होती. अमेरिकेत तर हे भांडण पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यावरून सुरू आहे. कॅलिफोर्नियात हेवर्ड नावाच्या शहराने वकिलांच्या एका संघटनेकडून असं फुटेज द्यायला तीन हजार डॉलरहून जास्त मागितले, त्यातले खाजगी भाग झाकायला माणूस लागतो म्हणून, आणि २०२० मध्ये तिथल्या वरच्या कोर्टाने सांगितलं की झाकायचा खर्च लोकांवर टाकता येणार नाही. उलट ओहायो राज्याने २०२५ मध्ये कायदाच केला की तासाभराच्या व्हिडिओला ७५ डॉलरपर्यंत आणि एका मागणीला ७५० डॉलरपर्यंत घेता येतील. म्हणजे पगाराचा खर्च मागणाऱ्याने द्यायचा का, हा तोच प्रश्न, जो आमच्या १,९४० मध्ये होता. माझं मत साधं आहे, रेकॉर्ड नीट ठेवणं हे ठाण्याचं रोजचं काम आहे, त्याचा पगार आपण कराच्या रूपाने एकदा दिला आहे.

फी नाही तर दुसरं कारण येते, "तपास चालू आहे." कलम ८(१)(एच). हे कारण खरंही असू शकते, तपासाचा कागद बाहेर गेला तर आरोपी पळू शकते, पुरावा गायब होऊ शकते, मला ते मान्य आहे. पण दिल्ली हायकोर्टाने २००७ मध्ये भगत सिंग यांच्या केसमध्ये सांगितलं की तपास चालू आहे एवढं म्हणून भागत नाही, हा कागद दिल्याने तपासात अडथळा कसा येते ते सांगावं लागते. आणि अपिलात हे सिद्ध करायचं ओझं अधिकाऱ्यावर असते, तुमच्यावर नाही, कलम १९(५). कागदात एखादं नाव झाकायचं असेल तर तेवढं झाकून बाकीचं द्या, हे कलम १०. तुम्ही फिर्यादी असाल तर नव्या संहितेत अजून एक हत्यार मिळालं आहे, ९० दिवसांच्या आत तपास कुठपर्यंत आला हे पोलिसांनीच तुम्हाला किंवा पीडिताला कळवायचं आहे. तो अर्ज आरटीआय नाही, त्याला फी नाही, साध्या कागदावर विचारा.

तिसरं कारण "वैयक्तिक माहिती", आणि इथे मला काळजी वाटते. आधी नियम असा होता की वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा जनहित मोठं असेल तर द्यावी लागायची. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ८(१)(जे) हे कलमच छोटं केलं, नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू आहे, आता नुसतं "वैयक्तिक माहिती" म्हटलं की नकार देता येते. पोलिसांच्या कागदात तर प्रत्येक पानावर कोणाचं तरी नाव असते, मग उरलं काय. पण कलम ८(२) अजून जागेवर आहे, जनहित जास्त मोठं असेल तर माहिती देता येते. म्हणून मी आता अर्जातच लिहितो, नावं, पत्ते, फोन नंबर झाकून दिले तरी चालेल, आम्हाला फक्त कारवाई पाहायची आहे. त्या एका वाक्याने नकाराची अर्धी जागा निघून जाते.

नकार आला, आकडेमोड नाही आली, किंवा तीस दिवसांत काहीच आलं नाही, तर त्यानंतर तीस दिवसांच्या आत अपीलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, जोडपत्र ब च्या नमुन्यात, वीस रुपयांचा स्टॅम्प. निकाल तीस दिवसांत, कारण लिहून जास्तीत जास्त पंचेचाळीस. तिथेही नाही झालं तर नव्वद दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, आपलं नागपूर खंडपीठ आहे म्हणून मुंबईला जावं लागत नाही. पण दुसऱ्या अपिलाचा निकाल किती दिवसांत द्यायचा याची मुदत कायद्यात नाही, आणि तिथे खूप थांबावं लागते, म्हणून पहिल्या अपिलातच जीव ओता, कलमं लिहा, तारखांचा तक्ता जोडा. आयोगाला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करता येते, आणि तो अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जाते.

ठाण्यात जायला लोकं घाबरतात हे मला माहीत आहे. आमच्याच हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका केसमध्ये सांगितलं आहे की पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्यातली "निषिद्ध जागा" नाही, तिथे व्हिडिओ काढला म्हणून तो गुन्हा लावता येत नाही. याचा अर्थ मोबाईल समोर धरून आत शिरा असा नाही, वाद वाढवू नका, पण ती जागा तुमचीही आहे एवढं मनात ठेवून जा, आणि जोडीला एक माणूस न्या.

आणि ठाण्यातच कोणाला मारलं, धमकावलं असं काही झालं असेल तर कागदाच्या आधी सीसीटीव्ही मागा. डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात सुप्रीम कोर्टाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि १८ महिने रेकॉर्डिंग ठेवायला सांगितलं आहे, तेवढं ठेवणारी मशीन नसेल तरी एक वर्षाच्या खाली नाही. पण "फुटेज ओव्हरराईट झालं" हे उत्तर मी स्वतः दोनदा वाचलं आहे. म्हणून ज्या दिवशी घटना झाली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी साधा अर्ज द्या, पोलीस आयुक्तांच्या नावाने, की अमुक ठाण्याचं अमुक तारखेचं, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचं फुटेज जपून ठेवा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेऊन या. आरटीआय नंतर टाकला तरी चालेल, शिक्का त्याच दिवशीचा पाहिजे.